आमच्या बैठकीतले हॉलंडकर

लग्न होऊन मी काशीला आले तेव्हा देवघरात न्यायच्या आधी सासूबाईंनी मला बैठकीत नेलं. तिथे भिंतीवर चार तसबिरी ओळीने लावलेल्या होत्या. हे आपले पूर्वज, त्या म्हणाल्या, आधी यांच्या पाया पड. मी जमिनीला डोकं टेकलं. उठताना हळूच वर पाहिलं, तर चारही चौकटींत नुसता काळोख होता आणि त्या काळोखातून चार नाकं पुढे आलेली होती.

आमच्या घरात नाकाला फार मान होता. बाळ जन्मलं की बारशाच्या दिवशी नाव ठेवायच्या आधी त्याचं नाक ठरे. बाळाला उचलून बैठकीत आणायचं, तसबिरींसमोर धरायचं आणि मोठ्यांनी सांगायचं, हे कोणावर गेलं. आमच्या ह्यांचं नाक तिसऱ्या तसबिरीवर गेलं होतं. धाकट्या दिरांचं, म्हणजे भाऊजींचं, दुसऱ्या तसबिरीवर. ती तसबीर दिवाणजींची, त्यामुळे भाऊजी लहानपणापासूनच हनुवटी जरा वर करून चालत. बँकेत लागल्यावरही ते तसेच चालत, आणि लोक समजत की साहेब रागावलेत. नणंदेचं नाक चौथ्या तसबिरीवर गेलं असं सासूबाई एकदा बोलून गेल्या. पुढे तिचं लग्न लांबलं तेव्हा तो शब्द त्यांना परत घेता येईना. मी बाहेरून आलेली, त्यामुळे माझ्या नाकाकडे कोणी पाहिलं नाही. त्याचा मला पुष्कळ फायदा झाला.

चौघांची नावं कोणालाच माहीत नव्हती, पण हुद्दे माहीत होते. पहिले मूळपुरुष. त्यांच्या अंगात चिलखत होतं, म्हणून ते फौजेबरोबर उत्तरेत आले असं ठरलं होतं. केस खांद्यापर्यंत रुळणारे, वळ्यावळ्यांचे. काशीवासाचं व्रत घेतल्यावर त्यांनी केस कापले नाहीत असं सासरे सांगत. दुसरे दिवाणजी, त्यांच्या हातात कागद होता, तो सनद म्हणून ओळखला जाई. तिसरे शास्त्रीबुवा, डोक्याला काळी घट्ट टोपी. चौथे गालाने भरलेले, खालचा ओठ पुढे काढलेला, त्यांना सगळे रुसलेले आजोबा म्हणत. चौघांच्याही गळ्याशी चुणीदार पांढरं काहीतरी होतं, ते उपरणं. शेंडी एकाचीही दिसत नव्हती. लहान मुलांनी विचारलं की उत्तर ठरलेलं असे, की शेंडी मागे असते आणि तसबीर पुढून काढतात.

कोणी म्हणेल, इतकी वर्षं घरात आहेत तर नीट पाहिलं कसं नाही. त्याचं कारण असं, की तसबिरींची काच आमच्याकडे कधी पुसत नसत. दर सर्वपित्रीला काचेवरच कपाळाच्या जागी गंध लावायचं, हार घालायचा, उदबत्ती ओवाळायची. लावलेलं गंध पुसणं म्हणजे पूर्वजांचं कपाळ पुसणं. ते कोण करणार? त्यामुळे जुन्या गंधावर नवं गंध, त्यावर धूर, त्यावर गल्लीतली धूळ. मूळपुरुषांच्या कपाळावर तर गंधाचं चांगलं टेंगूळ आलं होतं. मी सून म्हणून आले तेव्हा ते सुपारीएवढं असेल. पुढे वाढलं.

आमचं घर दूधविनायकाच्या गल्लीत आहे. महाराष्ट्रातून यजमान येतात, त्यांची श्राद्धं, पिंडदानं घाटावर होतात आणि जेवण आमच्याकडे. हे होते तोपर्यंत सगळं हेच पाहत. ते गेल्यावर भाऊजींनी बँक सांभाळून तेही पाहायला सुरुवात केली. यजमान जेवून बैठकीत टेकले की भाऊजी तसबिरींकडे हात करून गोष्ट सांगत. मूळपुरुष आधी नुसते फौजेबरोबर आले होते. मग काही वर्षांनी ते फौजेच्या पुढे आले. भाऊजी निवृत्त झाले त्या सुमाराला फौज मूळपुरुषांनीच आणली होती. मी आतून वाटी-चमचे आवरताना ऐकत असे, आणि फौज आता कुठवर आली ते मला रोज कळत असे.

माझं काम स्वयंपाकाचं. सर्वपित्रीला खीर, वडे, अळूची भाजी, भोपळ्याचं भरीत, गवार, आमसुलाची चटणी. आमसुलं इथे चांगली मिळत नाहीत, कोकणातले यजमान आणतात ती मी जपून ठेवते. ब्राह्मण जेवले की तसबिरींसमोर चार पानं मांडायची, पुढे पाणी ठेवायचं, आणि खोलीचं दार लावून घेऊन बाहेर थांबायचं. मग ती पानं गाईला. सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की रुसलेल्या आजोबांच्या पानात मीठ कमी. का, ते त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं नव्हतं. मी कधी चुकले नाही. शास्त्रीबुवांना मात्र मी एक वडा जास्त वाढत आले, कारण नाक ह्यांचं होतं.

हे गेल्यावर मी बैठकीत झोपायला लागले. वरच्या मजल्यावर भाऊजी, जाऊबाई आणि त्यांचं सामान. बैठकीला गल्लीकडे खिडकी आहे, तिच्यातून सकाळी थोडी हवा येते, समोरच्या घरातल्या बाईचं खोकणं ऐकू येतं, फुलं विकणारा हाक मारतो तेव्हा चौकीवरून न उठता मला शेवंतीचा भाव कळतो. चौकी म्हणजे इथला लाकडी पलंग. ती चौकी, खाली माझी पेटी, वर हे चौघे. माझे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. मला माणसांसमोर बोलायला जमत नाही, त्यामुळे कोणी आलं की मी आत जाते आणि गेलं की परत येते. या घरात मला एवढीच जागा हवी होती आणि ती मला मिळालेली होती.

आणि ज्येष्ठात एके दिवशी भाऊजींनी ती जागा हॉटेलसाठी पसंत केली.

त्याचं असं झालं की आमच्या गल्लीत एकेक करून सगळ्यांनीच घरात परदेशी पाहुणे ठेवायला सुरुवात केली होती. ज्याच्या घरी पाहुण्याला पाणी मिळत नसे त्याच्याही दारावर पाटी लागली. पलीकडच्या घरवाल्याने तर गाईच्या गोठ्याला चुना लावून त्यात खाट टाकली, आणि गाय गल्लीत बांधली. भाऊजींना निवृत्तीनंतर सकाळ कशी घालवावी ते कळत नव्हतं. त्यांनी बैठकीत उभं राहून चारी बाजूंना पाहिलं, हात मागे बांधले आणि जाऊबाईंना सांगितलं की या खोलीला वारसा आहे. वारसा असलेल्या खोलीला भाव येतो. तसबिरी राहतील, पंखा नवा लागेल, कोपऱ्यात न्हाणी काढू. मी चौकीवर बसून तांदूळ निवडत होते.

"आणि ताई?" जाऊबाईंनी विचारलं.

"वहिनी गच्चीवरच्या कोठरीत जातील. तिथे हवा छान आहे."

तिथे हवा आहे हे खरं. छप्पर टिनाचं आहे आणि उन्हाळ्यात खाली बसलं तर केस तापतात. बंदर, म्हणजे माकडं, रात्रंदिवस त्यावरून धावतात. कोठरीत जुने हंडे, मोडके पाळणे आणि लग्नातले जेवणाचे पाट आहेत. तिथे जायला दोन जिने आहेत. भाऊजी वाईट माणूस नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहूनच ते सांगितलं, आणि मी काही बोलले नाही त्यामुळे मला पसंत आहे असं त्यांना वाटलं. मी कधीच काही बोलत नाही, त्यामुळे मला या घरात सगळंच पसंत आहे असं धरलेलं आहे.

आषाढ गेला. सुतार येऊन माप घेऊन गेला. माझी चौकी जिन्यातून वर जाईल का हे त्याने दोरीने मोजलं, आणि पाय कापावे लागतील असं सांगितलं. चौकीचे. पण मी क्षणभर स्वतःचे धरले.

श्रावण संपता संपता भाऊजींनी विद्यापीठातल्या एका बाईंना बोलावलं. त्या चित्रांचा इतिहास शिकवतात, मूळच्या नागपूरच्या. भाऊजींना प्रत्येक तसबिरीखाली एक छापील पट्टी हवी होती, इंग्रजीत, पूर्वजांच्या पराक्रमाची. मजकूर त्यांच्याकडे तयार होता, बाईंनी तो फक्त तपासायचा होता. मी चहा ठेवायला आत गेले आणि दाराआड उभी राहिले.

बाई चारही तसबिरींसमोरून एकदा फिरल्या. मग पर्समधून बॅटरी काढून त्यांनी मूळपुरुषांच्या चेहऱ्यावर उजेड टाकला. गंधाच्या टेंगळापाशी थांबल्या. काच पुसली तर चालेल का, त्यांनी विचारलं. भाऊजींचा चेहरा पाहून त्यांनी ते सोडून दिलं आणि चौकट उतरवून मागून उघडू का, असं विचारलं. मागच्या बाजूला आमच्याकडे काही नियम नव्हता. भाऊजींनी होकार दिला.

चौकट उघडली तेव्हा आतून बारीक भुसा पडला आणि एक वाळलेली पाल. कागद बाहेर आला. मला पुढे जावंसं वाटलं आणि मी गेले, चहा हातात होता म्हणून तसं करता आलं. काचेविना तो काळा रंग मी पहिल्यांदा पाहिला. मखमलीसारखा होता. कुठे रेघ नाही, ठिपका नाही. काळोखातून गाल वर आला होता, जसा पहाटे माणसाचा येतो. कागदाची खालची कड चौकटीत दडलेली होती, तिच्यावर इंग्रजी अक्षरांच्या ओळी होत्या. मी चौथीपर्यंत शिकले, ती अक्षरं मला लागत नाहीत. बाईंनी त्या वाचल्या, मग दुसरी तसबीर उघडून वाचली, मग तिसरी, चौथी.

"तुमचे पूर्वज कुठले म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"वाईकडचे," भाऊजी म्हणाले.

"हे चौघं हॉलंडचे आहेत. तिथल्या राज्याचे मोठे कारभारी होते. खाली नाव आहे, हुद्दा आहे, चित्र कोणी काढलं, ठसा कोणी केला, सगळं आहे."

भाऊजींनी पुन्हा तसबिरींकडे पाहिलं. मग म्हणाले, "मूळचे वाईचे आणि नोकरीनिमित्त हॉलंडला, असं असू शकेल का?"

बाईंनी चहा घेतला. मला वाटतं हसू येऊ नये म्हणून घेतला, कारण तो फार गरम होता. त्यांनी समजावून सांगितलं की हे फोटो नाहीत, हाताने काढलेली चित्रंही नाहीत, तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले ठसे आहेत. पत्र्यावर आधी दातेरी हत्यार इकडून तिकडे डोलवत फिरवायचं, सगळा पत्रा खरखरीत होईपर्यंत. तसाच छापला तर कागद नुसता काळा येतो. मग जिथे उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करायचं. गुळगुळीत जागेवर शाई राहत नाही. कपाळ, नाक, कॉलर, असं सगळं काळोख घासून काढलेलं. मला लगेच कळलं, कारण चुलीवरच्या पातेल्याचं बूड मी तसंच घासते. पण त्यातून कधी कारभारी निघाला नाही.

बाई जाताना म्हणाल्या की ठसे चांगले आहेत, उदबत्ती जरा लांब ओवाळा. आणि मला म्हणाल्या, "काकू, त्या चौथ्यांचा ओठ किती छान आलाय, बघा." त्या गेल्यावर भाऊजी आरशासमोर गेले.

ते दोन दिवस घरात कोणी मेल्यासारखे होते. भाऊजी जेवायला बसायचे आणि हात नाकाकडे जायचा. बँकेत आयुष्यभर हनुवटी वर केली ती हॉलंडच्या एका कारभाऱ्याच्या भरवशावर, हे त्यांना पचत नव्हतं. नणंदेला फोन गेला. ती मात्र खूश झाली. म्हणाली, म्हणजे माझं नाक माझंच होतं, मग मला एवढी वर्षं का ऐकवलंत?

जाऊबाईंना नाकाचं काही नव्हतं. त्यांना जेवणाची काळजी लागली. "तीन पिढ्या हॉलंडकरांना पानं वाढली," त्या मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "मग आपले कुठे जेवले, ताई?" आणि त्यांना एकेक आठवायला लागलं. भाऊजींची बढती हुकली ते, मुलाला परीक्षेत दोनदा बसावं लागलं ते, विहिरीचं पाणी खारट झालं ते. आपले पितर उपाशीपोटी दारात उभे आणि आत परके खीर खातायत, असं त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागलं. त्या रात्रीच्या जेवल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी भाऊजी एकदम हसत खाली आले. त्यांना सुचलं होतं. पूर्वज असते तर पाहुण्यांना त्यांचं काय? हॉलंडचे कारभारी म्हटल्यावर परदेशी लोक रांग लावतील. खोलीचं नाव बदलायचं. हार काढायचे, गंध खरवडायचं, पानं बंद. हॉलंडच्या लोकांना दार उघडलं की आपलीच माणसं भिंतीवर दिसतील, याहून मोठी सोय कोणत्या हॉटेलात आहे? पितृपंधरवडा जवळ आला होता, त्याच्या आत खोली तयार हवी. सुताराला निरोप गेला, चौकीचे पाय कापायला ये म्हणून.

पण जाऊबाईंनी ऐकलं नाही. गुरुजींना विचारल्याशिवाय पानं बंद करायची नाहीत, त्या म्हणाल्या, आणि आधी आपले जेवले की नाही ते कळू दे. गुरुजी रामघाटावरच्या वेदशाळेत शिकवतात, ऐंशीच्या पुढे आहेत, आणि आमच्या घराला त्यांच्याच घराण्याचा शब्द लागतो. गंगेला पूर होता, घाट पाण्याखाली, त्यामुळे ते गल्ल्यागल्ल्यांतून हात धरवून आले. त्या दिवशी आमच्याकडे मराठवाड्यातले यजमान उतरले होते, एक म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. श्राद्ध आटोपून ते बैठकीत भिंतीला टेकून बसले होते. भाऊजींना त्यांना बाहेर जा असं म्हणता येईना. गुरुजी खुर्चीवर बसले, तसबिरींकडे पाहिलं आणि पहिल्यांदा म्हणाले, "हे अजून इथेच आहेत का?"

त्यांना माहीत होतं. त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. छावणीकडचा एका साहेबाचा बंगला कुठल्याशा जमीनदाराने घेतला, त्याच्या वास्तुशांतीला आमचे आजेसासरे गेले होते. बंगल्यातलं सामान नव्या मालकाने ठेवून घेतलं, पण या चौघांची त्याच्या बायकोला भीती वाटायची, रात्री बघतात म्हणे. ब्राह्मणाला दान दिलं की पीडा जाते, म्हणून तसबिरी आजेसासऱ्यांना दिल्या. सोबत धोतरजोडी.

"मग आजोबांनी घरात कसं सांगितलं नाही?" भाऊजींनी विचारलं.

"दुसऱ्याची पीडा घरी आणली असं कोण सांगतं? भिंतीवर लावली, हार घातला. पुढच्यांना वाटलं पूर्वज."

म्हातारी यजमानीणबाई हे सगळं पदर तोंडाला लावून ऐकत होती. थोड्याच वेळापूर्वी भाऊजींनी तिला फौजेची गोष्ट सांगितली होती. भाऊजी तिच्याकडे पाहणं टाळत होते.

जाऊबाईंनी आपल्या पितरांचं विचारलं. गुरुजी म्हणाले, श्राद्धात नाव-गोत्र कोणाचं घेतलंत? तुमच्याच माणसांचं ना? मग ते त्यांना पोचलं, ते पोटभर जेवून गेले, त्यांना तसबीर लागत नाही. जाऊबाईंनी तिथेच हात जोडले. मग भाऊजी पुढे झाले. म्हणजे हे चार पानांचं आमच्या घरात नुसतंच शिरलेलं आहे, त्याला आधार नाही, तर ते बंद करायला हरकत नाही ना? गुरुजींनी मान हलवली. शास्त्राने बांधलेलं नाही, ते म्हणाले. मग सवयीने त्यांनी पुढे सांगितलं की तर्पणात आपल्या माणसांना पाणी देऊन झालं की जे नात्यातले नाहीत त्यांनाही देतात, ज्यांना कोणी नाही त्यांनाही, आणि निपुत्रिकांना तर आपलं ओलं धोतर पिळून पाणी देतात. तेव्हा वाढलेलं काही वाया गेलं असं नाही. ज्यांच्या पुढे वाढलं त्यांनी खाल्लं.

भाऊजींचं काम झालं होतं. ते उठले, आणि सुताराला आत घेऊन या असं कोणाला तरी म्हणायला लागले. मी स्वयंपाकघराच्या दारात ताटं घेऊन उभी होते. खोलीत माणसं होती, गुरुजी होते, परके होते. चौकीचा विचार माझ्या मनात नव्हता असं मी म्हणणार नाही. पण तोंडातून निघालं ते वेगळं होतं.

"गुरुजी, या वर्षीही ते येतील ना?"

माझा आवाज तिथे कोणी फारसा ऐकलेला नव्हता. सगळे वळले. गुरुजींना ऐकू कमी येतं, त्यांनी कानाला हात लावला, म्हणून मला पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. आणि एकदा मोठ्याने बोलल्यावर मला थांबता येईना.

"सवय झालीय त्यांना. सर्वपित्रीला इथे पान असतं हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या गावी कोणी वाढत नसणार. ते इतक्या लांबून आले आणि इथे कोणी परका पाय पसरून झोपलेला दिसला, तर ते कुठे जातील?"

गुरुजींनी डोळे मिटले. भाऊजींना वाटलं झोपले, कारण ते अधूनमधून झोपतात. पण ते म्हणाले, "बाई बरोबर विचारतायत. बोलावलं नसतं तर प्रश्न नव्हता. बोलावून, वाढून, तीन पिढ्यांनी पान उचलायचं?"

"अहो, पण ते हॉलंडचे," भाऊजी म्हणाले.

"तुम्हीच ठेवून घेतलेत. आता ते इथलेच जेवणारे. आणि जिथे पितरांचं पान मांडता त्या खोलीत बूट, अंडी आणि न्हाणी चालेल का, ते तुम्हीच ठरवा. तुम्ही उपाध्ये आहात."

तुम्ही उपाध्ये आहात, हे गुरुजी यजमानांच्या समोर बोलले. भाऊजींनी भिंतीकडे पाहिलं, मग यजमानांकडे पाहिलं. आता ते काय बोलतात इकडे तिघांचंही लक्ष होतं. पंधरवडाभर असे पुष्कळ यजमान येणार होते, आणि हे तिघं गावी जाऊन सांगणार होते की काशीचे उपाध्ये पितरांचं पान उचलून खाट टाकतात. सुतार करवत घेऊन दारात उभा होता.

तेवढ्यात म्हातारी बोलली. "महाराज, आमच्याकडे एक सालगडी व्हता. त्याला कुनीच न्हवतं. आमच्याच वट्ट्यावर गेला. त्याच्या नावानं पानी सोडता येईल का मग?"

तिचा मुलगा तिला गप्प करायला लागला. गुरुजी म्हणाले, येईल की. आणि भाऊजींनी लगेच हनुवटी वर केली. मला ती हनुवटी चांगली माहीत आहे, ती वर झाली की गोष्ट सुरू होते. ते म्हणाले की आमच्या घराण्यात ही रीतच आहे. ज्यांना कोणी नाही, त्यांना आमच्याकडे पान असतं. म्हणून तर परदेशचे हे चार कारभारी आमच्या आजोबांनी मुद्दाम मागून आणले, की बिचाऱ्यांना कोण वाढणार. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. मी सुताराला खुणेने घरी जायला सांगितलं.

आता बैठक बैठकच आहे. भाऊजींची पाहुण्यांची खोली गच्चीवर झाली. कोठरीतले हंडे काढले, टिनाला निळा रंग दिला, आणि परदेशी माणसं ती खोली वेड्यासारखी मागतात. बंदर धावले की ती खूश होतात, फोटो काढतात. तापलेल्या छपराला ती काय म्हणतात ते मला कळत नाही, पण तक्रार करत नाहीत. दोन जिने ती धावत चढतात. खाली येऊन बूट ओसरीत काढून तसबिरी बघतात, आणि भाऊजी त्यांना सांगतात की हॉलंडचे पितर आमच्याकडे जेवायला असतात. यजमानांनाही आता हेच सांगतात. आजोबा कारभाऱ्यांना मागून घ्यायला आधी छावणीत गेले होते. या वर्षी ते कलकत्त्यापर्यंत गेलेत.

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला मी चार पानं वाढली. जाऊबाईंनी विद्यापीठातल्या बाईंना फोन करून विचारलं होतं की तिकडे काय खातात. ब्रेड, चीज आणि मासे, असं उत्तर आलं. माशाचं काही जमण्यासारखं नव्हतं. जाऊबाई चौकातून डबलरोटीचा छोटा पुडा घेऊन आल्या आणि माझ्या नकळत प्रत्येक पानात एक तुकडा ठेवून गेल्या, लिंबाच्या फोडीच्या शेजारी. मी पाहिलं आणि तो तसाच राहू दिला. रुसलेल्या आजोबांच्या पानात मीठ कमी घातलं. शास्त्रीबुवांना एक वडा जास्त वाढताना हात थोडा अडखळला, की आता हे ह्यांचे कोणीच नाहीत. मग वाढला.

काच अजून पुसलेली नाही. गंध मात्र आता एकदम थोडं लावतो.

परवा सकाळी मी जागी होते पण उठले नव्हते. भाऊजी पाय न वाजवता आत आले. गालाला दाढीचा साबण तसाच, हातात छोटा आरसा. खिडकीतून उजेड येतो तिथे ते दिवाणजींच्या समोर उभे राहिले, आरशात एकदा पाहिलं, वर एकदा पाहिलं, मग मान अर्धी वळवून बाजूने पाहिलं. बराच वेळ पाहत होते. शेवटी त्यांनी हनुवटी वर केली, अगदी थोडी. चौकी करकरली असती तर ते दचकले असते, म्हणून मी कुशीवर न वळता तशीच पडून राहिले आणि डोळे मिटून घेतले.